सवचे झरे आणि भाड्याची खोली

महाड शहरातून दादलीचा पूल ओलांडून म्हाप्रळच्या रस्त्याला लागले की सावित्री नदी उजव्या हाताला सोबत चालू लागते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून, पोलादपूर आणि महाड मागे टाकून ती इथे खाडीला मिळण्याच्या बेतात असते. भरती-ओहोटीचे पाणी इथपर्यंत जाणवते. म्हणूनच या भागाला सगळे खाडीपट्टा म्हणतात. याच रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर सव हे गाव लागते.

सवचे नाव बाहेरच्यांना माहीत आहे ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. पालघर-ठाण्याच्या बाजूला वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि खाली रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरचे उन्हाळे अशी गरम झऱ्यांची एक रांगच कोकणात आहे. सव त्याच रांगेतले. मुले वर्गात नेहमी विचारतात, "सर, खाली ज्वालामुखी आहे का?" तसे नाही. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खूप खोल झिरपते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. त्वचेचे विकार, सांधेदुखी यावर या पाण्याने आराम पडतो अशी लोकांची समजूत आहे, त्यामुळे लांबून माणसे येतात. कोणी सातारा-वाईकडून, कोणी मुंबईहून. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे विचारून झरा गरम-थंड होत नाही. आलेला माणूस अंघोळ करतो, सावलीत बसतो, कुणाच्या तरी ओटीवर पाणी मागतो आणि त्याला ते मिळते.

आम्ही खाडीपट्ट्यात उर्दू आणि मराठी शिकवणारी मास्तर मंडळी. झऱ्यांवर येणाऱ्या पाहुण्यांपेक्षा गावातून बाहेर जाणाऱ्या मुलांशी आमचा संबंध जास्त. बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. पूर्वी ते विचारायचे, "सर, कुठल्या कॉलेजात घालू?" आता प्रवेशाची माहिती मुलांच्या मोबाईलवर असते. आता प्रश्न येतो तो दुसराच. "सर, ॲडमिशन झाली. पण पोरगी राहणार कुठे?"

हा प्रश्न दिसायला लहान आहे, पण आमच्या पाहण्यात कितीतरी शिक्षणे याच प्रश्नावर अडली आहेत. गुण कमी पडले म्हणून थांबलेली मुले आम्ही पाहिली, त्याहून जास्त मुली खोली मिळाली नाही म्हणून घरी बसलेल्या पाहिल्या. म्हणून सवहून निघालेल्या मुलाचा रस्ता आज वाचकांसोबत चालून पाहावा असे वाटले.

पहिला टप्पा महाड. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज आहे. सव, गोठे, रावढळ, तुडील या गावांतली मुले एसटीने ये-जा करू शकतात. पासात विद्यार्थ्यांना मोठी सवलत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना तर बारावीपर्यंत पास मोफतच मिळतो. आता गंमत पाहा, मोफत पास बारावीला संपतो आणि नेमके तिथूनच अंतर वाढायला लागते. प्रात्यक्षिक संध्याकाळपर्यंत चालते, गाडी चुकते, पावसात रस्ता बंद होतो. मग महाडातच खोली घ्यावी का, असा विचार घरात सुरू होतो.

महाडात खोली पाहताना दोन तारखा लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली २४ ऑगस्ट २०२०. त्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत जुनी नव्हती, सात-आठ वर्षांचीच होती. दुसरी तारीख २२ जुलै २०२१. त्या दिवशी सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली. कॉलेजचे प्रवेश होतात ते नेमके जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे पाऊस भरात असताना. त्यामुळे आम्ही पालकांना सांगतो की भाडे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. एकवीसच्या पुरात पाणी इथे कुठपर्यंत आले होते? भिंतीवरची खूण मालक स्वतः दाखवील. आणि खांबांना, जिन्याखाली तडे आहेत का, सळया उघड्या पडल्या आहेत का, हे आपल्या ओळखीच्या गवंड्याला सोबत नेऊन पाहा. नवा रंग पाहून भुलू नका. तळमजल्याची खोली स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा पुराच्या खुणेत असते.

दुसरा टप्पा लोणेरे. महाडहून मुंबईच्या दिशेने महामार्गावर माणगाव तालुक्यात हे गाव आहे आणि तिथे १९८९ च्या कायद्याने उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आपल्या भागातल्या हुशार मुलांचे हे मोठे स्वप्न. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर लोणेरे, गोरेगाव, माणगाव असे फिरावे लागते. हे गोरेगाव मुंबईचे नव्हे, रायगडचे. तिथे आपली वस्तीही चांगली आहे. तिघे-चौघे मुलगे मिळून एक खोली घेतात, एक गॅस, एक कुकर, पाळीपाळीने स्वयंपाक. पहिल्या महिन्यात डाळ करपते, दुसऱ्या महिन्यात भांडणे होतात, तिसऱ्या महिन्यात हिशेबाची वही सुरू होते. आमचा एक विद्यार्थी म्हणाला होता, "सर, इंजिनिअरिंग पुढे कळेल तेव्हा कळेल, पण पाच जणांत एक बादली कशी वापरायची ते आधी कळले." त्याच्या अम्मीने हे ऐकून डोळे पुसले आणि मग हसू लागल्या.

तिसरा टप्पा मुंबई किंवा पुणे. मुंबई आपल्याला नवी नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी डोंगरी, माझगाव, नागपाडा या भागांत गावाच्या जमातीच्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एका खोलीत गावातले दहा-पंधरा जण. जहाज लागले की निघायचे, उतरले की पुन्हा तिथेच ट्रंक ठेवायची. भिंतीला खुंट्या, खुंटीला नाव, महिन्याची ठरलेली वर्गणी. अशा खोलीत राहून रात्रीच्या शाळेत शिकलेली माणसे आमच्या गावांत अजून भेटतात. पुढे लोक मुंब्रा, नवी मुंबईकडे गेले, आखाती देशांत गेले. काही खोल्या गेल्या, काही कुलपात आहेत, काहींवर वाद चालू आहेत. ज्या गावच्या जमातीकडे अशी एखादी खोली अजून शाबूत आहे, त्या गावच्या मुलाचा मुंबईचा निम्मा घोर कमी होतो. पण मुलींसाठी अशी खोली कोणी कधी घेतली नव्हती, कारण मुली शिकायला जातील हे कुणाच्या मनातच नव्हते. आज बारावीला पहिल्या येतात त्या मुलीच.

ज्यांच्याकडे जमातीची खोली नाही, त्यांना बाजारात उतरावे लागते. तिथे दलाल असतो, दोन-तीन महिन्यांची अनामत असते आणि फोनवरचा एक अनुभव असतो. खोली रिकामी आहे, भाडे ठरले, या बघायला. मग शेवटी, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितले की थोडी शांतता. "जरा घरच्यांना विचारून कळवतो." तो फोन पुन्हा येत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने पुण्यात एका दिवसात असे चार फोन केले. चौथ्या वेळी तिने नाव आधी सांगितले आणि मग खोलीबद्दल विचारले. "निदान पैसे तरी वाचले, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि आम्हाला त्याचेच जास्त वाईट वाटले.

खोली नाकारली जाण्याची गोष्ट निघाली की महाडकडे परत वळावेसे वाटते, कारण या शहराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्यांनी हे फार जवळून भोगले होते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. खिशात मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या, पण शहरात राहायला जागा नाही. नाव बदलून ते एका पारशी निवासात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढे १९२७ साली तेच महाडला आले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत घेतले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. माणसे मुंबईहून बोटीने, सवच्या पुढे खाडीच्या पलीकडच्या काठावर असलेल्या दासगावच्या बंदरात उतरली आणि तिथून पायी महाडला आली. पण परिषद भरवायची कुठे? शहरात कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली आणि २५ डिसेंबर १९२७ ची परिषद त्या जमिनीवर भरली. इतिहासात भाषणे करणाऱ्यांची नावे राहतात. जागा देणाऱ्याचे एक नाव राहिले, ते आपल्या महाडचे आहे. मुलांना आम्ही ही गोष्ट दर वर्षी सांगतो.

चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ च्या मार्चमध्ये तळ्याच्या पाण्यावरचा हक्क मान्य झाला. मग संविधान आले. त्याच्या पंधराव्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे आहेत. तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणाने कोणाला अडवता येत नाही. म्हणजे महाडचे तळे त्यात आले. पण या यादीत भाड्याची खोली नाही. खाजगी घराचे दार कोणासाठी उघडायचे, हे आजही मालकाच्या मनावर आहे. पाण्याचा हक्क झगडून मिळवता आला, खोली मात्र माणसाने माणसाला द्यावी लागते.

म्हणूनच हा प्रश्न फक्त 'ते आपल्याला देत नाहीत' एवढ्यावर सोडून चालणार नाही. आपल्या वस्तीतही घरे आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेले परप्रांतीय, कॉलेजला आलेली पोलादपूरच्या डोंगरातली मुले, आदिवासी वाडीवरची मुले आपल्या दारात आली तर आपण काय विचारतो? "आमच्याच लोकांना देतो," हे वाक्य आपल्या ओट्यांवरही ऐकू येते. स्वयंपाकाची, वागण्याची अट घालणे वेगळे आणि नाव ऐकून दार लावणे वेगळे. आपल्या मुलीने पुण्यात ऐकलेले वाक्य दुसऱ्याच्या मुलीला महाडात ऐकावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

आता थोडे व्यवहाराचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार खोलीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे मालकाला नम्रपणे सांगितले तर तोही नोंदणीला तयार होतो, कारण फायदा दोघांचा आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. अनामत किती, केव्हा आणि काय कापून परत मिळणार, वीजबिल कोण भरणार, मधेच खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे, पाहुणा आला तर चालेल का, हे सगळे कागदावर घ्यावे. मुलगा लाजतो म्हणून वालिदांनी किंवा चाचांनी एकदा सोबत जावे. पैसे रोख दिले तर पावती घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली जाते, तिला घाबरू नये. उलट ती वेळेवर दिली गेली आहे ना, याची खात्री आपणच करावी.

खर्चाचे म्हणाल तर काही सरकारी योजनांची माहिती आपल्या घरांत पोहोचतच नाही. शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्यातल्या ज्या बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात, त्यांच्या मुलांना वसतिगृह मिळाले नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळू शकतो. मुंबई-पुण्यासाठी ती रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली आहे. ही फार मोठी सोय आहे. पण फी माफ झाली तरी खोलीचे भाडे माफ होत नाही. फीमाफीचा कागद हातात घेऊन मुलगी घरीच बसली, असे होता कामा नये. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते ही तयारी निकालाआधीच, एप्रिल-मेमध्ये करून ठेवावी. जूनमध्ये तहसील कचेरीत रांगा असतात.

विद्यार्थ्याला छत देणे हे समाजाचे काम आहे, ही समज आपल्याकडे जुनी आहे. मदिनेत मस्जिदे नबवीला लागून सुफ्फा होता. घरदार नसलेले, शिकायला आलेले सहाबा तिथे राहत आणि मदिनेचे लोक त्यांच्या जेवणाची काळजी घेत. आपल्या महाराष्ट्रात छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका छताखाली ठेवली. या सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती की शाळा कितीही चांगली असली तरी रात्री मुलगा कुठे झोपणार, याचे उत्तर आधी लागते. लंडनमध्ये शिकताना १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. एका विद्यार्थ्याच्या राहण्याच्या जागेची किंमत शंभर वर्षांनी का होईना, सगळ्यांना कळली.

खाडीपट्ट्यात फिरताना आज एक गोष्ट डोळ्यांत भरते. गावागावांत मोठी, देखणी घरे आहेत. संगमरवरी ओटे, रंगीत काचा, गॅलऱ्या. आणि दाराला कुलूप. घरची माणसे कुवेत, दुबई, मुंब्र्याला. घर उघडते ते लग्नाला, ईदला किंवा मयतीला. सवसारख्या गावातून महाड जवळ आहे. पोलादपूरच्या आतल्या वाडीवरची मुलगी महाडात शिकायची असेल, तर तिला अशा एखाद्या घरातली एक खोली, शेजारी एखाद्या चाचींची नजर आणि सकाळची एसटी एवढे पुरेसे आहे. घरालाही त्याचा फायदाच होतो. बंद घराला वाळवी आधी लागते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

आमची विनंती मोठी नाही. प्रत्येक गावच्या जमातीने यंदा एक वही घालावी. एका पानावर आपल्या गावातल्या, महाड, लोणेरे, गोरेगाव, मुंबई, पुणे येथल्या आपल्या लोकांच्या रिकाम्या खोल्या. दुसऱ्या पानावर यंदा बारावीला बसलेल्या मुला-मुलींची नावे आणि त्यांना जायचे ठिकाण. आपल्याच मुलांची नव्हे, गावातल्या सगळ्या मुलांची. ही वही मशिदीच्या किंवा शाळेच्या कपाटात असावी आणि मे महिन्यात ती उघडून दोन्ही पाने जुळवावीत. ज्याच्याकडे खोली नाही त्याने ओळख द्यावी, ज्याच्याकडे ओळख नाही त्याने मुलासोबत एक दिवस फिरावे. मालकाशी बोलायला एखादा वडीलधारा सोबत असला, तर निम्मी दारे लवकर उघडतात, हा आमचा अनुभव आहे.

सवला कधी आलात तर झऱ्यावर जरूर जा. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर वाफ असते, समोर नदी, पलीकडे डोंगर. आणि परतताना गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा जमातीच्या जबाबदाराला एवढे विचारून जा, "तुमच्या गावचे कोणी आमच्या शहरात शिकायला येणार आहे का?" उत्तर 'हो' आले, तर आपला फोन नंबर देऊन जा. इन्शाअल्लाह, त्या एका नंबरामुळे एखाद्या घरातली मुलगी या वर्षी कॉलेजला जाईल.